व्हर्ना नोवोत्नीचा चुकलेला धडा

नेब्रास्कातल्या एका लहानशा गावच्या कॉलेजात व्हर्ना नोवोत्नी पहिल्या वर्षाच्या पोरांना मानसशास्त्राची तोंडओळख करून द्यायची. गावाची समजूत अशी, की ही बाई समोरच्याच्या मनातलं वाचते. चर्चच्या जेवणात लोक तिच्या शेजारी बसायला कचरत. दातांचा डॉक्टर मात्र तिला आ करायला लावून स्वतःचीच स्वप्नं सांगत बसे. मनाच्या आजारांचा धडा निघाला की अर्ध्या वर्गाला तेच आजार जडत, आणि पोरं डोळे पुसत तिच्या खोलीबाहेर उभी राहत. या सगळ्याला ती कावली होतीच, पण त्या वर्षी पानगळीच्या दिवसांत तिला खरं पिसाळून सोडलं ते तिच्या वडलांनी.

लुमीर झायीचेक ऐंशीच्या पुढचे. बायको गेल्यावर गावाबाहेरच्या शेतावर एकटेच राहत. व्हर्ना त्यांना ताता म्हणे. ताता फोन करत. घरी करत, कॉलेजच्या कचेरीत करत, आणि विचारत एकच: विहिरीच्या पंपाला गोणपाट गुंडाळलं का? थंडीत पंप गोठू नये म्हणून व्हर्नाच्या नवऱ्याने, डेलबर्टने, ते कधीच गुंडाळलं होतं. तसं दर वेळी सांगूनही झालं होतं.

एकदा ती वर्गात सवयी कशा लागतात ते शिकवत होती. बटणावर चोच मारली की दर वेळी दाणा मिळणारं कबुतर दाणा बंद झाल्यावर लवकर नाद सोडतं; पण कधी मिळतो, कधी नाही, असं असेल तर ते चोच मारतच राहतं. एवढ्यात कचेरीतली जोलीन दारात आली आणि म्हणाली, "तुमच्या वडलांचा फोन." वर्ग खो खो हसला. व्हर्ना लालबुंद झाली, पण तिला उपायही सापडला. आपणच कधी फोन घेतो, कधी टाळतो. म्हणून तर म्हातारा थांबत नाही.

तिने जोलीनला निरोप आणायची मनाई केली. डेलबर्टला फोन उचलायचा नाही म्हणून बजावलं. रोज संध्याकाळी आपण होऊन तातांना फोन करायचा, तेवढाच. फोन वाढले. ती डेलबर्टला म्हणाली, हे पुस्तकात आहे, सवय मोडण्याआधी उसळी घेते. मग एका दुपारी ती घरी आली तर डेलबर्ट फोनवर होता आणि गोणपाटाचंच सांगत होता.

"झालं! सगळ्यावर पाणी ओतलंस," ती म्हणाली.

"म्हातारा माणूस आहे, व्हर्ना. कबुतर नाही."



शनिवारी ती सोक्षमोक्ष लावायलाच शेतावर गेली. तातांनी कॉफी ओतली, खसखस भरलेले कोलाचे, म्हणजे घरचे गोड पाव, पुढे केले, आणि दुष्काळाच्या साली टोळांनी कुदळीचे दांडेसुद्धा कसे कुरतडले ते इतकं रंगवून सांगितलं की तिचा राग आणखीच वाढला. एवढं सगळं आठवतं आणि गोणपाट तेवढं आठवत नाही? ती म्हणाली, "ताता, सकाळपासून घरी किती फोन केलेत?"

"आज? एकही नाही. तुला कामं असतात, पोरी. उगाच कशाला त्रास द्यायचा?"

तिने त्यांना हाताला धरून पंपापाशी नेलं. त्यांनी गोणपाट चाचपलं, सुतळीची गाठ ओढून पाहिली, डेलबर्टचं कौतुक केलं. दोघं घरात आली. तातांनी हातमोजे काढले, टोपी खुंटीला लावली आणि भिंतीवरचा फोन उचलला.

"कुणाला करताय?"

"डेलबर्टला. पंपाला गोणपाट गुंडाळायचं राहिलंय, थंडी पडायच्या आत—"

तिने त्यांच्या हातातून फोन घेऊन जागेवर ठेवला आणि खुर्चीत बसली. यात सवय नव्हतीच. त्यांच्या लेखी प्रत्येक फोन पहिलाच होता. सवयींच्या धड्याच्या पुढचाच धडा स्मरणशक्तीचा. जुनं कोरलेलं टिकतं आणि नवं उमटतच नाही, हे ती वर्षानुवर्षं फळ्यावर खडूने लिहीत आली होती. आणि इतके दिवस तिने बापाचे फोन वाजू दिले होते.

लिंकन शहरातल्या डॉक्टरांनी वेगळं काही सांगितलं नाही. बर्फ पडायच्या आत तिने तातांना आपल्या घरी आणलं. आता ते फोन करत नसत, जेवणाच्या टेबलावरच विचारत. उत्तर काय द्यायचं, कसं द्यायचं, सगळं तिला ठाऊक होतं, तरी एक-दोनदा झाल्यावर तिचा आवाज चढायचाच. तिसऱ्यांदा डेलबर्ट उत्तर द्यायचा, आणि पहिल्यांदाच ऐकल्यासारखा म्हाताऱ्याचा जीव भांड्यात पडायचा. आपल्यावर कोणी खेकसलं होतं, हे ते तोवर विसरलेले असत. व्हर्ना मात्र उठून भांडी विसळायला घ्यायची आणि नळ मोठा सोडायची.