उघडी ठेवलेली शिवण

कुणाच्या अंगणात दोरीवर गोधडी वाळत घातलेली दिसली, की माझी नजर आधी तिच्या कोपऱ्यांकडं जाते. पोलीस खात्यातून निवृत्त होऊन काही वर्षं झाली, तरी ही सवय सुटली नाही. तिच्यामागं एक प्रकरण आहे. आमच्या घरात कॉलेजात नाव घातलेला मी पहिला, तेही निवृत्तीनंतर, मुक्त विद्यापीठात. त्यामुळं लिहिताना अजून हात अडखळतो. तपास मात्र जसा झाला तसा सांगता येईल.

सोलापूर-हैदराबाद महामार्गालगतच्या एका ठाण्यात मी तेव्हा प्रभारी होतो. नळदुर्गचा किल्ला बघायला येणारे लोक जेवायला ढाब्यांवर थांबत. त्यांच्यासाठी एका दुकानदारानं रस्त्याकडेला हस्तकलेचं दुकान काढलं होतं. तो त्याला 'कलादालन' म्हणायचा. घोंगड्या, गोधड्या, तांड्यावरच्या बायकांचं भरतकाम, पितळी समया असा माल तिथं असे. दुकानदार गोड बोलणारा, इस्त्रीचे कपडे घालणारा माणूस. गावोगावच्या बायका त्याच्याकडं माल ठेवून जात.

एका सकाळी त्यानं चोरीची फिर्याद दिली. रात्री कुलूप तोडून पाच गोधड्या नेल्या, असं त्याचं म्हणणं. मी पंचनाम्याला गेलो. कुलूप तुटलेलं होतं. पितळी समया जागच्या जागी होत्या. गल्ल्याला हात लागलेला नव्हता.

माझ्याबरोबरच्या हवालदारानं समईवर बोट फिरवलं. "साहेब, चोराला थंडी लई वाजत असंल."

मी हसलो नाही, पण मनात नोंद केली. चोर घाईत असतो आणि घाईत माणूस जड किमतीची, हलक्या वजनाची वस्तू उचलतो. पाच गोधड्यांचं गाठोडं घेऊन कुणी पळत नाही.

दोन-तीन दिवसांनी माकणीकडची एक म्हातारी ठाण्यात आली. घरची मेंढरं, थोडी जमीन. बरोबर लग्नाच्या वयाची नात होती. ठाणे अंमलदारानं तिचं ऐकून घेतलं आणि तो म्हणाला, "आजी, हा तुमचा आणि दुकानदाराचा व्यवहार. दिवाणी बाब आहे ही."

"दिवानी का काय ते मला कळत न्हाय," म्हातारी म्हणाली. "म्या येडी न्हाय एवढं कळतंय. मोठ्या सायबाला भेटू द्या."

मी तिला आत बोलावलं. खुर्ची दिली तरी ती बसेना. नातीनं दंडाला धरून बसवलं.

"गोधड्या विकल्या होत्या का त्याला?" मी विचारलं.

"विकल्या न्हाईत. जांगडावर ठिवल्या व्हत्या. गिऱ्हाईक आलं तर पैसा, न्हाय आलं तर आमचा माल आमाला माघारी. तवर माल आमचाच. आन् एक तर विकायची नव्हतीच, सायेब. निसती भितीला टांगाया दिलती. तो म्हनला, आजी, ही दारात दिसली की गिऱ्हाईक आत येतंय."

"ती का विकायची नव्हती?"

म्हातारीनं नातीकडं पाहिलं. नात खाली बघत म्हणाली, "माझ्या आईच्या लुगड्यांची हाय ती."

मग हळूहळू सगळं कळलं. म्हातारीची लेक वारली तेव्हा ही नात लहान होती. लेकीच्या लुगड्यांची म्हातारीनं गोधडी शिवली आणि नातीच्या लग्नासाठी ठेवली. लग्न आता जमलं होतं, हळद जवळ आली होती. म्हातारीनं दुकानात निरोप दिला होता, की पुढच्या बाजाराला येऊन गोधडी घेऊन जाते. त्यानंतर लगेच चोरी झाली.

"दुसरी सोन्याची दिली तरी नको," म्हातारी म्हणाली. "पोरीला आईची म्हनून एवढीच वस्तू हाय."

जबाब घेताना मालाची ओळख पटेल अशी खूण विचारावी लागते. गोधड्या एकमेकींसारख्या दिसतात, म्हणून मी खोदून विचारलं. म्हातारी म्हणाली, "एका कोपऱ्याला वीतभर शिवण उघडी हाय."

"राहून गेली?"

"राहून कशी जाईल? ठिवलीया." ती जरा चिडलीच. "गेलेल्या मानसाच्या कपड्याची गोधडी आमी पुरी शिवत न्हाय. जिच्या नावाची असती, तिनं आपल्या हातानं कोपरा मिटायचा. तवर ती कुनाचीच न्हाय झाली."

हे मी शब्दशः जबाबात घेतलं. लेखनिकानं "हे पण लिहायचं का साहेब?" असं विचारलं. मी म्हणालो, हेच लिहायचं.

मग माझ्या माहितीतल्या लोकांना चाचपून पाहिलं. पोलिसाची निम्मी माहिती चहाच्या टपरीवर मिळते, असा माझा अनुभव आहे. अट एवढीच की आपण विचारायची घाई करू नये. स्टँडजवळचा चहावाला कप विसळता विसळता म्हणाला, "साहेब, एक गंमत सांगू का? ज्याच्या घरी चोरी झाली तो मानूस डोक्याला हात लावून बसतो. ह्यो बाबा दुसऱ्या दिवशी काखेत गाठोडं मारून शिंप्याकडं चालला व्हता. म्या म्हनलं, काय मालक, नवीन कपडे? तर म्हनला, तू साखर कमी टाक."

शिंप्याचं दुकान बाजारपेठेच्या टोकाला होतं. मला बघून त्याचा पाय मशीनवर थांबला.

"गोधडी आणली होती ना दुकानदारानं?"

"आनली व्हती."

"काय काम होतं?"

"कोपरा उघडा व्हता, तेवढा मिटायचा." तो थांबला. "पयलं न्हाय म्हनलो, साहेब. म्या म्हनलो, मालक, ही मुद्दाम उघडी ठिवलीय, कुनाची तरी हाय. तर मला म्हनला, तुला शिवायला दिलंय का शिकवायला? गिऱ्हाईकाला फाटकी वस्तू द्यायची का? मग मशीनवर पिवळा दोरा व्हता, त्योच मारून दिला."

"हे कोणत्या दिवशी?"

"तुमी चोरीच्या पंचनाम्याला आलता, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

चोरीला गेलेली गोधडी चोरीच्या दुसऱ्या दिवशी फिर्यादीच्या काखेत होती. शिंप्याचा जबाब घेऊन मी दुकानदाराला ठाण्यात बोलावलं.

चौकशीत आवाज चढवायचा नाही, हा माझा नियम होता. ओरडलं की माणूस भिंत बांधतो. माणसाला ज्याचा अभिमान आहे त्यावर बोलतं करावं. मी चहा मागवला आणि त्याला चोरीच्या मालाचं वर्णन करायला सांगितलं.

तो रंगून सांगू लागला. "सर, म्हातारीची ती गोधडी म्हणजे माझ्या दालनाचा मुखडा होती. काय रंग, काय टाके!"

"पण फाटकी होती म्हणे," मी म्हणालो.

त्याला ते झोंबलं. "फाटकी? सर, माझ्या दुकानातून फाटका माल जात नाही. एका कोपऱ्याला जरा उसवली होती, ती मी शिवून घेतली."

"कधी?"

कप तसाच हातात राहिला. मी शेजारच्या खोलीचं दार उघडलं. आत बाकावर शिंपी बसला होता. दुकानदारानं कप खाली ठेवला.

पुढं फारसं विचारावं लागलं नाही. हैदराबादच्या रस्त्यावरच्या एका हॉटेलवाल्याला ती गोधडी आवडली होती आणि यानं ती देण्याचा शब्द देऊन टाकला होता. तेवढ्यात म्हातारीचा निरोप आला. नाही म्हणायचं धाडस नव्हतं, म्हणून चोरी घडवली. एकच गेली तर संशय येईल म्हणून आणखी चार बाजूला काढल्या. त्या त्याच्या घराच्या माळ्यावर मिळाल्या.

"सर, मी तिला दुसरी मिळवून दिली असती," तो म्हणाला. "तिला काय अवघड आहे? पुन्हा शिवेल."

"कशाची शिवेल?" मी विचारलं.



हॉटेलवाला भला माणूस निघाला. गोधडी त्याच्याकडं पोचली होती, पण अजून बांधलेलीच होती, ती त्यानं पंचांसमोर काढून दिली. म्हातारीनं ती ओळखली, आणि कोपऱ्यावरचा पिवळा दोरा दिसताच हात मागं घेतला.

खरी अडचण इथं सुरू झाली. गोधडी आता मुद्देमाल होती. सील लावून मुद्देमाल खोलीत ठेवणं भाग होतं आणि तो मशीनचा टाका आमचा सगळ्यात पक्का पुरावा होता.

"म्हंजी आमची गोधडी सापडली, तरी आमाला न्हेता येत न्हाय?" म्हातारी म्हणाली.

"आजी, सध्या ती सरकारची पाहुणी हाय," हवालदार म्हणाला.

"मग पाहुनीला जेवाया घाला आन् लवकर लावून द्या. पोरीची हळद हाय."

सुपूर्दनाम्यावर, म्हणजे न्यायालयाला लेखी हमी देऊन, मुद्देमाल परत मिळतो, पण नेहमीची अट असते, की वस्तूचं स्वरूप बदलायचं नाही. म्हणजे नातीला मशीननं मिटलेली गोधडी मिळाली असती. कायद्यानं माझं काम तिथं संपत होतं. पण मला ते पटेना. मी न्यायालयाला सविस्तर अहवाल दिला: टाक्याचे जवळून फोटो घ्यावेत, पंचांसमोर दोरा उसवावा, तो दोरा सीलबंद करून पुरावा म्हणून ठेवावा आणि गोधडी आजींना द्यावी. न्यायाधीश मॅडमनी अहवाल वाचून म्हातारीला पुढं बोलावलं आणि कोपरा उघडा का ठेवतात ते विचारलं. म्हातारीनं मला सांगितलं होतं तसंच सांगितलं, एक शब्द कमी नाही की जास्त नाही. मॅडमनी परवानगी दिली.

म्हातारीनं स्वतः तो दोरा उसवला. आम्ही तो पाकिटात घालून लाखेचं सील लावलं. बाहेर व्हरांड्यात येताच तिनं कमरेच्या पिशवीतून सुई काढून नातीच्या हातात दिली.

"आजी, घरी जाऊन शिवा की निवांत. हळदीला," मी म्हणालो.

"न्हाय सायेब. आता उघडी घेऊन रस्त्यानं जायला भ्या वाटतंय."

नातीनं तिथंच फरशीवर बसून कोपरा मिटला. टाके वाकडे पडत होते, कारण तिला नीट दिसत नव्हतं. म्हातारीनं एकदाही दुरुस्त केलं नाही.

खटला चालला, शिक्षा लागली. गोधडी केव्हाच सासरी गेली होती. न्यायालयाच्या ताब्यात उरला होता पाकिटातला वीतभर पिवळा दोरा.

या प्रकरणानं मला एक गोष्ट शिकवली. दुकानदाराकडं जांगडाचा माल होता, तसाच माझ्या मुद्देमाल खोलीत लोकांचा माल होता. दोन्ही ठिकाणी वस्तू फक्त ताब्यात असते, मालकीची नसते. वस्तू सांभाळणाऱ्याला तिच्यात जे अपुरं, उसवलेलं, जुनं वाटतं, तेच कदाचित मालकासाठी सगळ्यात मोलाचं असतं. त्यानंतर नोकरी संपेपर्यंत मी प्रत्येक फिर्यादीला जबाबाच्या शेवटी विचारत असे, "या वस्तूत आम्ही हात लावू नये असं काही आहे का?" बहुतेक लोक नाही म्हणायचे. काही जण मात्र बराच वेळ बोलायचे.

निवृत्तीच्या आधी एकदा धाराशिवच्या स्टँडवर म्हातारी भेटली. डोक्यावर गाठोडं होतं.

"पुन्हा शिवायला लागलात?"

"मग? हात काय बांधून ठिवू?"

"दुकानात देणार?"

"देनार की, जांगडावरच देनार," ती म्हणाली. "पर आता गोधडीचा एक कोपरा उघडाच ठिवते, दुकानवाल्याला आधी त्यो दावते आन् इचारते, ह्ये काय हाय? फाटलंय म्हनला, की गाठोडं उचलते. कुनाचं हाय, म्हनून इचारलं, तर ठिवते."

"कुणी विचारलं का असं?"

"एकीनं इचारलं," ती म्हणाली आणि परंड्याच्या गाडीकडं चालू लागली. "तिच्याकडंच चाललीया."