गावांचा बस्ता

अहमदपूरच्या एका कचेरीत जहांगीरभाईंनी एकतीस वर्षं बस्ते सांभाळले. बस्ता म्हणजे एका गावाचे सगळे कागद लाल कापडात गुंडाळून, वर गाठ मारून ठेवलेलं गाठोडं. ती गाठ सोडली की जहांगीरभाईंना आधी कागद दिसत नसत, गावच दिसे. वाघजाळीचा बस्ता उघडला की बाभळीच्या शेंगांचा वास येई. कवठ्याचा उघडला की कुठंतरी म्हशी पाण्यात उतरल्यासारखं वाटे. हा माणूस खुर्चीवर असतो पण जाग्यावर नसतो, असं कचेरीतले लोक म्हणत. त्यात खोटं काही नव्हतं.

मग कागद स्कॅन झाले आणि एके दुपारी सगळे बस्ते टेम्पोत बसून लातूरला गेले. जहांगीरभाई फाटकापर्यंत गेले, टेम्पो वळेपर्यंत उभे राहिले, आणि परत आले. नोकरीची दोन वर्षं उरली होती. त्यांना कॉम्प्युटरपुढं बसवलं. गावोगावचे मेल यायचे, ते ज्या त्या गावाच्या फोल्डरमध्ये टाकायचे आणि साहेबांनी मागितले की काढून द्यायचे, एवढंच काम.

पडद्याच्या डाव्या अंगाला त्र्याऐंशी फोल्डर एकाखाली एक. सगळे निळे, सगळे सारखे, आणि बाराखडीच्या ओळीनं लागलेले. ती ओळ काही त्यांच्या मनात उतरेना. कवठा आणि वाघजाळी ही नदीच्या दोन काठांवरची गावं. इकडचा कोंबडा आरवला की तिकडची म्हातारी उठते. इथं मात्र कवठा वर आणि वाघजाळी पार तळाला. मधी सारा तालुका. वाघजाळीचा मेल शोधताना त्यांचा हात आपसूक कवठ्याजवळ जाई आणि तिथंच घुटमळत राही.

नवे साहेब दोनदा वाट बघून निघून गेले. तिसऱ्या वेळी त्यांनी आवाज न चढवता सांगितलं की सोमवारी मी शेजारी बसून तीन मेल मागेन. झटपट निघाले तर ठीक, नाहीतर हे टेबल एजन्सीच्या ऑपरेटरला देऊ आणि तुम्ही फाटकावरचं रजिस्टर बघा. फाटकाची जहांगीरभाईंना लाज नव्हती. पण एकदा हातातून गेलेली गावं दुसऱ्यांदा जाणार, हे त्यांना सोसवेना.

शेजारच्या टेबलावर पंचशीला बसायची, रेणापूरची, कामाला चोख. तिनं त्यांचा माऊस हातात घेऊन दाखवलं की फोल्डर धरून वर-खाली सरकवता येतो, त्याला रंग देता येतो, एकाच्या पोटात दुसरा ठेवता येतो, आणि नको असलेल्याची टिक काढली की तो नजरेआड होतो. पुसला जात नाही, नुसता झाकला जातो.

"चाचा, ही यादी तुमच्या डोळ्यांसाठी हाय," ती म्हणाली. "तुमाला जशी दिसावी वाटती तशी लावा. बाराखडीला काय विचारायचंय?"

जहांगीरभाई चार दिवस गावं लावत बसले. जुन्या खोलीत फळ्यांवर बस्ते जसे होते, तशीच. ती मांडणी निजामाच्या काळातल्या कुणा दफ्तरदारानं घोड्यावरून तालुका फिरून ठरवली होती म्हणतात. ज्या गावाची शीव ज्या गावाला लागते, ते त्याच्यापुढं. वाघजाळी, मग नदी उतरून कवठा, मग चढावर पिंपळदरी. काळ्या रानाच्या गावांना त्यांनी गडद रंग दिला, मुरमाडाच्या गावांना तांबडा, नदीकाठच्यांना हिरवा. फोल्डर सरकवता सरकवता त्यांचे पाय दुखू लागत, जणू एवढं अंतर खरंच चालून आले. शेवटी सगळ्यांवर एक मोठा फोल्डर केला, त्याला नाव दिलं 'बस्ता', आणि त्र्याऐंशीच्या त्र्याऐंशी गावं त्यात निजवली.

शुक्रवारी ते अर्धा दिवस रजा घेऊन बायको रईसाबरोबर नांदेडला गेले. लेकीचा, जेबाचा निकाह वीस दिवसांवर आला होता आणि कपडे घ्यायचे होते.

सोमवारी साहेब खुर्ची ओढून बसले. कवठ्याच्या पाणंद रस्त्याच्या मोजणीचा मेल काढा म्हणाले. जहांगीरभाईंनी डावीकडं पाहिलं. तिथं आलेले मेल, पाठवलेले मेल आणि कचरापेटी. बस्ता नव्हता. एकही गाव नव्हतं. त्यांनी डोळे मिटले, तर नदी दिसली, उतार दिसला, कवठ्याची पहिली घरं दिसली. डोळे उघडले की पांढरा पडदा.

साहेब खुर्ची मागं सारत म्हणाले, "असू द्या, जहांगीरभाई."

ते मऊ 'असू द्या' ऐकून पंचशीला जागची उठली. पडद्याकडं बघून तिचा चेहरा पडला होता.

"साहेब, चूक माझी हाय. शुक्रवारी चाचा जेबाचा बस्ता बांधायला नांदेडला गेल्ते. यांचा मेल उघडाच राहिल्ता. त्यात बस्ता लिवलेलं दिसलं. म्या म्हटलं, लग्नाच्या कपड्यांचे फोटू असतील. तुमी तपासायला येणार, अन् सरकारी मेलात घरचं लग्न कशाला दिसावं? म्हून घाईघाईनं झाकला, गावं कुठं हायेत ते बघितलंच न्हाई."

"उघडून नाही पाहिला?" साहेबांनी विचारलं.

"लेकीच्या लग्नाचं गाठोडं दुसऱ्यानं कसं सोडावं, साहेब?"

जहांगीरभाईंना हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही. पंचशीलानं टिक परत लावली. बस्ता उघडला, आणि गावं शिवेला शीव लावून खाली उतरत गेली, तांबडी, काळी, हिरवी. कवठा शोधावा लागला नाही. वाघजाळीवरून नदी उतरली की कवठाच. बाकीचे दोन मेलही साहेबांचं बोलणं पुरं व्हायच्या आत निघाले.

साहेब यादीकडं बघत राहिले. मग म्हणाले की हे तुम्हाला कळतं, पण तुमच्यामागून येणाऱ्याला काय कळणार?

"त्याला त्याची लावता येती, साहेब," जहांगीरभाई म्हणाले. "मेल तेच ऱ्हातेत. बघणं तेवढं ज्याचं त्याचं."

टेबल त्यांच्याकडंच राहिलं.

निकाह पार पडल्यावर ते कामावर आले, तर आनंदवाडीचा पहिला मेल आला होता. एका तांड्याशेजारी वसलेली नवी वस्ती, नुकतीच तिची वेगळी ग्रामपंचायत झालेली. तिचा कधी बस्ता नव्हता, फळीवर जागा नव्हती. तिचा फोल्डर केला, तर प्रोग्रामनं तो सगळ्यांच्या तळाला टाकला. तिची शीव कुणाला लागते, हे कचेरीत कुणालाच सांगता येईना. पंचशीला म्हणाली, ऱ्हाऊ द्या तळाला, चाचा, काय बिघडतंय.

रविवारी जहांगीरभाई एसटीनं गेले आणि आनंदवाडीच्या फाट्यावर उतरून चालू लागले. ज्वारीच्या ताटांतून वारा वाहत होता. बांधावर एक बाई शेळ्या राखत बसली होती, तिला त्यांनी विचारलं, बाई, तुमच्या गावाच्या शेजारी कोणकोणतं गाव? बाईनं बसल्या बसल्या हात लांबवून दाखवायला सुरुवात केली. जहांगीरभाई तिच्या बोटाबरोबर हळूहळू वळत गेले.