धोंड्याचा महिना कोणाचा

वडवणीला मी दोन सख्ख्या भावांच्या घरी धुणीभांडी करायचे. कापडाच्या दुकानाची वाटणी झाली तेव्हा घराचीही झाली. मधे बोळ ठेवला आणि दोन्ही स्वयंपाकघरांची दारं त्या बोळात आली. भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. आईची वाटणी महिन्यांवर केली होती. चैत्र थोरल्याकडे, वैशाख धाकट्याकडे, असं वर्षभर. अमावास्या झाली की म्हातारीचं अंथरूण उचलून समोरच्या घरात टाकायचं काम माझ्याकडे.

त्या वर्षी वैशाखानंतर अधिक महिना आला. आमच्याकडे त्याला धोंडा म्हणतात, जावयाला जेवू घालायचा महिना. वाटणी करताना तो कोणाच्या ध्यानातच आला नव्हता.

मी अंथरूण डोक्यावर घेऊन थोरलीच्या दारात उभी राहिले. मागे म्हातारी, काठी टेकत.

थोरली आतूनच म्हणाली, "ज्येष्ठ कुठं लागलाय अजून? धोंडा आमच्या वाटणीत न्हाई."

परत फिरले, तर धाकटीनेही कडी लावलेली. "माझा वैशाख सरला. जावई यायलेत, लई काम हाय. कुठंबी ने त्यांना."

"कुठंबी म्हंजे? बाजारात बसवू?"

मी अंथरूण बोळातच टाकलं.

दोन्ही घरांत पुरण शिजत होतं. उरलंसुरलं मी म्हातारीला वाढायचे. सुरुवातीला ती काठीने दारं वाजवायची. दार वाजलं की आत टीव्हीचा आवाज वाढायचा. केबल तेव्हा नवीनच आली होती. मग तिने वाजवणं सोडलं, बोलणंही सोडलं. नुसती दारांकडे बघत बसायची. तेव्हा मात्र घरातली माणसं तिला भ्यायला लागली. पोरं बोळातून जाईनात. सकाळी मी गेले की दोन्ही सुना दाराच्या फटीतून तेवढंच विचारायच्या, "हाय का?" कशी आहे, हे एकीनेही विचारलं नाही.

एकदा मी म्हणाले, "माय, माझ्या घरी चला."

किती दिवसांनी ती बोलली. "तुजं काम जाईल. आन ह्यांची अब्रू."

"कसली अब्रू राहिलीय?"

"हाय तेवढी असू दे."

खरा ज्येष्ठ लागला तेव्हा थोरला स्वतः बोळात आला. "चल आई, आपला महिना लागला."

म्हातारी जागची हलली नाही. "मी आत आले तर झोप लागंल का तुमाला?"

तो आत गेला.

पाऊस यायच्या आत भावांनी बोळावर पत्रे टाकले, निम्मे ह्याचे, निम्मे त्याचे. म्हातारी मरेपर्यंत त्याखाली राहिली. मीही काम सोडलं नाही. दुसरीकडे काम कुठं होतं? सकाळचं ताट थोरलीचं, संध्याकाळचं धाकटीचं, असं ठरलं. सोमवारी म्हातारी दिवसभर उपवास धरायची, म्हणून थोरलीचं ताट वाचायचं. धाकटी त्यावरून दर सोमवारी माझ्यापाशी कुरकुरायची.