चेंडूकडे न बघणारा ल्युमिर

ल्युमिर सेडलाचेकनं एकोणीस वर्षं आमच्या गावातल्या दहा-अकरा वर्षांच्या पोरांना फुटबॉल शिकवला. लंबगोल चेंडू काखेत मारून पळायचा तो फुटबॉल. आणि एवढ्या वर्षांत त्यानं स्वतः एकही टचडाऊन बघितला नाही. थट्टा करत नाहीये मी, खरंच नाही बघितला. पोरगं चेंडू घेऊन शेवटच्या रेषेपलीकडे पोचायचं, अख्खं गाव उभं राहून ओरडायचं, आणि हा बाबा भलतीकडेच बघत असायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, चेंडूकडे बघायला बाकीचे आहेत की, मी कशाला बघू?

त्याची नजर असायची समोरच्या संघातल्या कडेच्या पोरावर. ते पोरगं आत घुसतंय की बाहेर थांबतंय, पाऊल आधी कुठलं उचलतंय, थकलंय का, चिडलंय का. धान्याच्या कोठारावर एकतीस वर्षं वजनकाटा सांभाळलेला माणूस. ट्रक आला की सगळे वरचा मका बघायचे, हा टायर बघायचा.

मी आर्लीन. शाळेची बस चालवते आणि सामन्याच्या दिवशी पाटीवर प्रत्येक पोराच्या नावापुढं रेघा मारते, एका डावाला एक. प्रत्येक पोराला निदान दहा डाव तरी खेळायला मिळालेच पाहिजेत असा आमच्याकडे नियम आहे, तो पाळला जातो की नाही ते मी बघते. थोडक्यात, पोरांच्या बापांशी भांडायचं काम, आणि ते मला छान जमतं. माझी बस ठरल्या वेळेला सुटते. कुणी बूट बांधत बसलं म्हणून मी थांबत नाही. एकदा खुद्द ल्युमिरला सोडून आले होते, तो बिचारा शेजारच्या गावाहून कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर बसून आला.

बाकीचे कोच कागदांची चळत घेऊन यायचे, साठ-साठ डाव लिहिलेले. ल्युमिरकडे सहा. सुरुवातीला तो एकच डाव एकदा उजवीकडून आणि एकदा डावीकडून खेळवायचा, जिंकायला नाही, विचारायला. म्हणजे समोरचे काय करतात ते बघायला. आणि पोरगं मैदानाबाहेर आलं की तू पडलास का, चुकलास का, असलं काही नाही. त्याचा एकच प्रश्न असायचा, तुझ्यासमोरचा काय करत होता?

ऑगस्टमध्ये पोरं खांदे उडवायची. माहीत नाही कोच. ल्युमिर म्हणायचा बरं, पुढच्या वेळी बघून ये. ऑक्टोबर उजाडेपर्यंत तीच पोरं पळत येऊन सांगायची की तो डाव्या हातावर भार देतो तेव्हा आत घुसतो. मग ल्युमिर त्याप्रमाणे डाव बदलायचा. एवढंच त्याचं कोचिंग. लोकांना वाटायचं म्हातारा हुशार आहे. हुशार होताच, पण निम्मी हुशारी पोरांकडून आलेली असायची आणि हे त्यानं कधी लपवलं नाही.

लपवलं ते दुसरंच. यंदाच्या ऑगस्टात माझ्या लक्षात आलं की हा कॉफी ओतताना कपाला बोट लावून बघतो. मी समोर उभी राहिले तर कोंबडीसारखी मान तिरपी करून माझ्याकडे बघायला लागला. गाडीचा क्लच गेलाय म्हणून सरावाला चालत यायचा, आणि त्याचा क्लच धडधाकट होता हे मला मेकॅनिकनंच सांगितलं. मी त्याला गाठलं आणि फैलावर घेतलं. तेव्हा कबूल झाला. दोन्ही डोळ्यांचा मधला भाग गेला होता. कडा शाबूत, मध्ये डाग. चष्म्यानं सुधारणारं दुखणं नव्हतं.

मी म्हटलं, मग आजच शिट्टी खाली ठेव.

त्यानं गळ्यातली शिट्टी मुठीत धरली. मग म्हणाला, "हा एक मोसम दे. ज्या दिवशी माझ्या डोळ्यांपायी पोरांचा डाव फसेल, त्या दिवशी तू ये आणि माझ्या गळ्यातली शिट्टी काढून घे. मला विचारू नकोस, समजूत घालू नकोस. नुसती काढून घे."

आता बायको गेलेल्या, पोरंबाळं दूर राहणाऱ्या माणसाला काय म्हणायचं? दोन बाप मदतीला होते, पोरांना लागलं-बिगलं तर ते आणि मी बघत होतो, म्हणून मी तयार झाले. नाहीतर झाले नसते. आणि पुढचे दोन महिने मूग गिळून बसले. माझ्या ओळखीच्या कुणाचा यावर विश्वास बसणार नाही.

कुणाला संशयही आला नाही. जो माणूस कधी चेंडूकडे बघतच नव्हता, त्याला चेंडू दिसत नाही हे कळणार कसं? मान तिरपी करून तो कडेचं बघायचा आणि राहिलेलं पोरांना विचारायचा. प्रश्न जरा वाढले होते, इतकंच.

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी मोसमातला शेवटचा सामना होता, मिलर्टन गावाशी, त्यांच्याच मैदानावर. सहा गावांत चौथा नंबर कुणाचा, यासाठी. बाहेरच्या माणसाला हसू येईल, पण आमच्याकडे त्यासाठी लोक मक्याची कापणी अर्धी टाकून आले होते. मला मात्र काळजी होती ती शिट्टीची. आजचा दिवस निभावला की मोसम संपला, आणि ल्युमिर ताठ मानेनं घरी जाणार.

मिलर्टनच्या संघात कडेला चव्वेचाळीस नंबरचं एक दांडगं पोरगं होतं. आम्ही मधून पळायला गेलो की ते आत मुसंडी मारायचं आणि आमच्या रोननला, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला, उताणं पाडायचं. चार वेळा पाडलं. त्याच्यासमोर आमची दोन पोरं आळीपाळीनं खेळायची, एमिल आणि टोबी. एक आत गेला की दुसरा बाहेर, आणि आत जाणारा ल्युमिरचा निरोप घेऊन जायचा. टोबी क्राल वजनानं जास्त, म्हणून त्याच्या हेल्मेटवर पट्टी. पट्टीवाल्यानं चेंडू घेऊन पळायचं नाही असा नियम आहे. त्याचं काम फक्त समोरच्याला अडवायचं.

मध्यंतरात पोरं संत्र्याच्या फोडी चोखत बसली होती. ल्युमिर टोबीसमोर गुडघ्यावर बसला आणि त्यानं नेहमीचा प्रश्न विचारला. टोबी मुळात लाजरा. म्हणाला, तो माझ्याकडे बघतच नाही कोच, सरळ आत जातो. दर वेळी? दर वेळी.

"मग अडवू नकोस त्याला," ल्युमिर म्हणाला. "जाऊ दे आत. तो आत गेला की बाहेरचं दार कोण लावणार?"

टोबी हसला. दुसऱ्या अर्ध्यात चव्वेचाळीस आत घुसायचा आणि रोनन त्याच्या पाठीमागून, बाहेरच्या कडेनं पळायचा. दोन टचडाऊन झाले. शेवटची दोन मिनिटं राहिली तेव्हा आम्ही फक्त दोन गुणांनी मागे होतो आणि रेषेपासून नऊ यार्डांवर होतो. हाताशी दोन प्रयत्न होते.

पण मिलर्टनचा कोच काही झोपला नव्हता. त्यानं चव्वेचाळीसला ओरडून काहीतरी सांगितलं, आणि ते पोरगं आत तोंड करून उभं राहायचं सोडून बाहेर सरकून, पाय रोवून उभं राहिलं. मी बघितलं. आमच्या बाजूच्या सगळ्यांनी बघितलं. ऊन कलून समोरून येत होतं आणि ल्युमिर कपाळावर हात धरून मान इकडून तिकडे वळवत होता. एरवी त्या पोरानं पाऊल उचलायच्या आधी याला कळलं असतं. त्यानं एमिलला सांगितलं, बाहेरनंच.

रोनन बाहेर पळाला आणि थेट चव्वेचाळीसच्या मिठीत गेला. आम्ही चार यार्ड मागे गेलो. माझ्या पाठीमागे कुणाचा तरी बाप म्हणाला, आंधळा झालाय का हा?

मी पाटी खुर्चीवर ठेवली आणि उठले. शब्द दिला होता. त्याच्यापर्यंत वीसेक पावलं असतील, पण एकेक उचलवत नव्हतं. मला त्या बापाचा राग आला, ल्युमिरचा आला, आणि सगळ्यात जास्त माझाच आला.

एमिल धापा टाकत बाहेर आला होता. ल्युमिरनं त्याला विचारलं, आणि तो म्हणाला मी पडलो कोच, मला नाही दिसलं. शेजारी टोबी हेल्मेट घालून आत जायला उभा होता.

"मला दिसलं," टोबी म्हणाला. "तो आता आत जात नाहीये. बाहेर थांबलाय."

ल्युमिर त्याच्याकडे वळला. "मग दार कुठलं उघडंय?"

"आतलं. तो बाहेरच आहे ना, मी त्याला आणखी बाहेर रेटतो. रोननला माझ्या आतून येऊ दे."

"जा, सांग त्यांना."

मी होते तिथंच थांबले. टोबी त्याच्या त्या जड चालीनं पळत आत गेला. चेंडू उचलला गेला, टोबीनं चव्वेचाळीसच्या छातीला खांदा लावला आणि त्याला रेटत रेटत पार खडूच्या रेषेबाहेर नेलं. आतून रोनन गेला. तेरा यार्ड, कुणाचा हात लागला नाही. आमचे लोक एकमेकांच्या गळ्यात पडले, आणि त्या मघाच्या बापानं तर मलाच मिठी मारली.

हस्तांदोलनं झाली, पोरं कोलाचीच्या, म्हणजे मध्ये गोड सारण भरलेल्या पावांच्या, खोक्यावर तुटून पडली. ल्युमिर बाकावर एकटाच बसला होता. शिट्टी त्यानं गळ्यातून काढून हातात धरली होती.

"घे," तो म्हणाला.

मी म्हटलं, अरे, जिंकलो आपण. टोबीनं सांगितलं आणि तू ऐकलंस, डाव जमला, आता ही कशाला?

"त्याच्या आधीचा माझ्या डोळ्यांपायी फसला. तू उठून येत होतीस, आर्लीन. तू कडेनं येत होतीस, आणि कडेचं मला अजून लख्ख दिसतं."

मी शिट्टी घेतली आणि कोटाच्या खिशात टाकली.

"आता एक सांग," तो म्हणाला. "टोबी आत गेला तेव्हाच मला कळलं होतं की हे जमणार. म्हटलं, एवढी वर्षं झाली, आज एकदा चेंडूकडे बघून घेऊ. तर तिथं नुसता करडा डाग. कसा गेला गं रोनन?"

मला रडू फुटलं. लपवत नाही. मी त्याच्या शेजारी बसले आणि नाक पुसत जमेल तसं सांगायला लागले, पण मलाही काय दिसलं होतं? मीही चेंडूकडेच बघत होते. टोबीनं नक्की काय केलं ते मला धड सांगता येईना.

तेवढ्यात टोबीच आला, तोंडात खसखशीची कोलाची कोंबलेली. ल्युमिरनं आवाजावरून, का चालीवरून, कशावरून कोण जाणे, त्याला ओळखलं आणि बाकावर सरकून जागा केली.

"तुझ्यासमोरचा काय करत होता?"

टोबी बसला आणि दोन्ही हातांनी दाखवत सांगायला लागला. मग एमिल आला. मग रोनन. मग ज्यांच्या नावापुढं जेमतेम दहा रेघा होत्या तीही पोरं येऊन रांगेत उभी राहिली, कारण प्रत्येकाच्या समोर कुणीतरी होतंच. मी बसमध्ये जाऊन इंजिन सुरू केलं. त्या दिवशी बस चाळीस मिनिटं उशिरा सुटली, आणि मी एकदाही हॉर्न वाजवला नाही.