मारुतीनं अंग धरलं

आता तुमच्यापासून काय लपवायचं? माझ्या हातून जे झालं ते ऐकलंत, तर ड्रॉइंग मास्तर या जमातीवरचाच तुमचा विश्वास उडेल.

निजामाचं राज्य होतं. हैदराबादेत चित्रकला शिकून मी परभणीत मास्तर झालो होतो. वालूरकडच्या एका गावात तालमीचे उस्ताद होते, त्यांच्या गोदाशी माझी सुपारी फुटली होती. गोदाची आई राजी, गोदा तर होतीच. उस्तादांना मात्र माझी काडीसारखी अंगकाठी बघवत नव्हती.

"मास्तर, पोरगी देतो, पण तुमच्या अंगात हाय काय? निस्ती हाडं."

मी खवळलो. शरीर म्हणजे काय, हे मला सांगता? हैदराबादेत मी गोऱ्यांच्या देवांचे संगमरवरी पुतळे पाहिले होते. ते देव नुकतेच तालमीतून बाहेर पडल्यासारखे दिसतात, आपले देव नुकतेच जेवून उठल्यासारखे. त्यांची शीरन्‌शीर मोजून घ्या. आपल्या देवाला पोट असतं, शांत हसू असतं आणि हात लागतील तेवढे. हे सगळं मी उस्तादांना ऐकवलं.

"लय इल्म हाय तुमाला," ते म्हणाले. "मग जयंतीच्या आधी आमच्या मारुतीला शेंदूर चढवा. बघू तर."

तालमीतला मारुती म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेंदराचा गोळा. एक हात वर, त्यात द्रोणागिरी, मागे शेपूट, बाकी सगळं श्रद्धेवर. मी दार लावून घेतलं. ठरवलं, जुनं कवच काढायचं आणि खालचा खरा पैलवान सासऱ्याला दाखवायचा. कोमट तेल आणि उलथनं घेऊन भिडलो. दुपारी कवच गळून पडलं.

आत बाई.

हसू नका. बारीक कंबर, पायांत पैंजण, कुठल्याशा पडक्या देवळाच्या खांबावरची नर्तकी होती ती. द्रोणागिरी म्हणत होतो तो आरसा निघाला, शेपूट म्हणत होतो ती वेणी. जिथं बाईमाणसाला उंबरा ओलांडू देत नव्हते, तिथं पैलवानांच्या चार पिढ्यांनी ब्रह्मचर्याची शपथ घेतली होती ती हिच्यासमोर.

मी दाराची कडी पुन्हा तपासली. गोदा डोळ्यांसमोरून गेली. हे लग्न मोडलं तर मी कुणाच्या तोंडाकडं बघून जगायचं? जुन्या कवचाचा चुरा झालेला, नवा शेंदूर तर एवढासाच होता. मग गव्हाची कणीक भिजवली, शेंदूर कालवला आणि गोऱ्यांच्या देवांसारखी छाती, दंड, मांड्या थापून काढल्या. आरशाचा पुन्हा डोंगर केला. झकास दिसायला लागला.

पण चैत्राचं ऊन ते. कणीक आंबली. दुसऱ्या दिवशी मारुती फुगला.

"उस्ताद, देव अंग धरायलाय की," एक पैलवान म्हणाला.

उस्ताद दंड चाचपायला पुढं झाले. मी आडवा आलो. "हात नका लावू, ओला आहे अजून."

त्यांनी माझ्याकडं पहिल्यांदाच मायेनं पाहिलं. "मास्तर, तुमच्या हाताला गुण हाय."

बातमी पार सोनपेठेपर्यंत गेली म्हणतात. जयंतीच्या पहाटे तालीम गच्च भरली, बायका नेहमीसारख्या दाराबाहेर. सूर्य उगवला, पैलवानांनी एकदम शड्डू ठोकले आणि मारुतीची छाती सुटली. मग दंड. मग डोंगर. सगळे गार.

दारातून आवाज आला तो नेमका गोदाचा. "बाबा, ही तर आरशात बघायलीय."

मग काय विचारता? बायका आत शिरल्या. हळदकुंकू, खण, नारळ, ओटी भरूनसुद्धा मोकळ्या. "देवी आमची, जागा बी आमची," म्हणाल्या. पैलवान लंगोट सावरत बाहेर पडले. तालीम गेली.

उस्ताद पायरीवर बसले होते. मी पाय धरले. "उस्ताद, तेवढं लग्नाचं…"

ते म्हणाले, "मास्तर, आमच्या तालमीत पक्का ब्रह्मचारी एकच व्हता. तुमी त्याची बाई केली. आता ती जागा खाली हाय. तुमीच भरा."

त्या मुलखात उस्तादांचा शब्द कोण मोडणार? म्हणून इतकी वर्षं झाली, तरी या घरात चहा माझ्याच हातचा प्यावा लागतो. पाणचट झालाय, ठाऊक आहे मला. प्या गुपचूप.