चपलेच्या चामड्याचा ब्रेक

परवा आमच्या मोटर वायंडिंगच्या दुकानातून जळक्या चामड्याचा वास आला आणि इतक्या वर्षांनी पुन्हा माझी मान खाली गेली.

आरमोरीतलं माझं लग्नानंतरचं पहिलंच वर्ष. गावात मोबाइलही आले नव्हते. नागपूरच्या मित्राने यांना रिमोटवर पळणारा, मांजराएवढा ट्रक दिला होता. त्याचं पेट्रोलचं इंजिन बंद पडलेलं, म्हणून यांनी बॅटरीची मोटर लावली. ट्रक भन्नाट पळायचा, पण थांबायचा नाही. मग जुन्या चपलेचं चामडं कापून यांनी ब्रेक केला. तार ताणायची, चाक फिरवून बघायचं, पुन्हा सैल करायची. घासून जळणाऱ्या चामड्याच्या वासाने घर भरून जायचं. सासूबाई चिडायच्या, "कामधंदा सोडून काय करून राह्यला रे?"

एका संध्याकाळी धान वाळवायच्या अंगणात शेजारी जमले. हे मला म्हणाले, "तू समोर उभी राह्य. हालू नको, थांबते तो."

ट्रक धूळ उडवत आला आणि मी किंचाळून बाजूला उडी मारली. मी जिथे उभी होते, त्याच्या वीतभर अलीकडे तो गपकन थांबला. सगळे हसले. हेही हसले. "बरं केलं, सरकली. मशीनचा काय भरोसा?"

तेवढ्यात सासूबाई अनवाणी येऊन माझ्या जागी उभ्या राहिल्या. "चालव. मी उभी राह्यतो."

ट्रक त्यांच्या लुगड्याच्या काठाशी येऊन थांबला. त्यांनी ट्रककडे पाहिलंच नाही. त्या निर्धास्तपणे लेकाकडे पाहत होत्या.

यांनी मला पुन्हा कधीच समोर उभं राहायला सांगितलं नाही.