एक तास निजून बघ

“एएलएस आहे,” डॉक्टर म्हणाले. मेंदूकडून स्नायूंना जाणारे निरोप हळूहळू बंद पडतात, तो आजार. यांच्या हातातून चमचा पडतो म्हणून आम्ही गेलो होतो. “बुद्धी शाबूत राहील. बोलणं जाईल, पुढे श्वासही. व्हेंटिलेटर हवा की नको, हे सरांनी बोलता येतंय तोवर सांगावं. नाहीतर मॅडम, ते तुम्हाला ठरवावं लागेल.”

“विचार करून सांगतो,” हे म्हणाले. पुढे मी विचारलं की विषय बदलायचे. मला भयंकर राग यायचा.

बेंगळुरूत कॉम्प्युटर फारसा कुणी पाहिलेला नव्हता, तेव्हा यांनी जे. पी. नगरच्या आमच्या पुढच्या खोलीत सॉफ्टवेअरची कंपनी काढली. पहिलं काम बोम्मसंद्र्याच्या कारखान्याचं. तिथे आठवडाभर हे कामगारांशेजारी नुसते बसले, मग प्रोग्रॅम लिहायला घेतला. पुढे हाताखालच्या प्रत्येकाला यांनी तसंच बसवलं. बसायचंच तर घरी बसा, असं मी म्हणायचे. आज त्या माणसांच्या स्वतःच्या कंपन्या आहेत, आणि मला अभिमान वाटतो.

वर्षभरात बोलणं गेलं. उत्तर राहूनच गेलं. माझं धाबं दणाणलं.

पोटात अन्नाची नळी घालायला यांना दाखल केलं, तेव्हा मंजुनाथ आला. होसकोट्याच्या जुन्या मराठी घरातला, यांचा पहिला शिष्य. त्याने नजरेने अक्षरं निवडायचा स्क्रीन आणला होता. यांनी कष्टाने चार शब्द जुळवले: एक तास निजून बघ.

पंचावन्न वर्षांचा मंजुनाथ शेजारच्या बाकावर बोटही न हलवता निजला. नर्स हसत होत्या. उठला तेव्हा त्याचे डोळे भरले होते. “अक्का, नाकाला खाज सुटली होती. स्वल्प नाही, जीव जाईल इतकी.”

नव्या स्क्रीनवर पहिला चौकोन ‘खाज’ असा आला; त्यावर नजर ठेवली की स्क्रीन तो शब्द मोठ्याने बोलायचा. दर शनिवारी तो तासभर निजायचा आणि काहीतरी बदलायचा.

श्वास अडू लागला. ट्रॅकिऑस्टॉमी करायची का, म्हणजे व्हेंटिलेटरसाठी गळ्याला छेद देऊन नळी घालायची का, असं डॉक्टरांनी मला विचारलं. मी यांच्याकडे पाहिलं. यांची नजर ‘नको’वर गेली. डॉक्टरांनी दोनदा विचारून खात्री केली आणि ते वळले.

तेवढ्यात स्क्रीन बोलला: “थांबा, माझं संपलं नाही.” लोक अर्ध्यावर निघून जातात, हे निजल्यावरच मंजुनाथला कळलं होतं. तो चौकोन त्यातून आला होता.

डॉक्टर थांबले. वीस मिनिटं अक्षरं जुळत राहिली. हा निर्णय माझा. हिला कुणी जाब विचारू नये.

ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांनी असा स्क्रीन लवकर आणावा, आणि आधी स्वतः निजून बघावं.

हे गेले त्याला वर्ष झालं. मला कुणी विचारलेलं नाही. माझं मीसुद्धा नाही.